नाव पहिल्या पानावर, पासवर्ड कोणाकडे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अकरा वर्षांपासून मराठी शिकवतात. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी बंद झाल्यावर त्यांच्या संस्थेनं आपलं बंद पडलेलं संशोधनाचं सहामाही नियतकालिक परत काढायचं ठरवलंय. प्राचार्य म्हणाले, मुख्य संपादक तुम्ही व्हा. जुन्या अंकांचं पत्रव्यवहारापासून प्रुफापर्यंतचं सगळं काम मॅडमनीच केलं होतं, नाव सरांचं छापलं जायचं. आता नाव मॅडमचं येणार, "बाकीचं सर पाहून घेतील." पद घ्यावं की नाही, आणि तालुक्याच्या गावात राहून या क्षेत्रात बाईला खरोखर वर जाता येतं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर: घ्या. पण हो म्हणायच्या आधी एवढंच विचारा, की नियतकालिकाच्या ईमेलचा पासवर्ड कोणाकडे राहणार?

हसू नका. मी एका सहामाहीत सतरा वर्षं काढली. पहिली नऊ 'संपादन साहाय्य' या ओळीखाली. ती ओळ शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात असायची. पुढची आठ मुख्य संपादक म्हणून. मुख्य संपादक झाले त्याच वर्षी मेहकरकडच्या एका प्राध्यापकांचा फोन आला. "मॅडम, स्वीकृतीपत्र त भेटलं जी तुमच्या सहीचं. अंक कधी येते?" मी त्यांचा लेख डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. खोदून विचारलं तेव्हा एकेक कळत गेलं. ईमेलचं खातं आधीच्या संपादक सरांच्या पुतण्यानं उघडलेलं, त्याचाच मोबाइल नंबर जोडलेला. माझी सही कुठल्यातरी जुन्या पत्रावरून स्कॅन करून ठेवलेली. लेख आला की दोन दिवसांत स्वीकृतीपत्र रवाना, आणि खाली 'सहयोग निधी'साठी बँकेचा खाते क्रमांक. ते खातं कोणाचं होतं हे आता उगाळण्यात अर्थ नाही. अंकाची मुख्य संपादक मी, आणि अंकात काय येणार हे मला मेहकरहून कळत होतं!

त्यानंतर महिनाभर मी काहीच केलं नाही, हेही सांगते. अपमान झाला म्हणून घरी रडले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन प्रुफं तपासली. आपण असंच करतो. नंतर एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी मला कानमंत्र दिला: आधी कुलूप बदला, भांडण मागून करा. मी नवं खातं उघडलं, माझा नंबर जोडला, आणि अंकाच्या पहिल्या पानावर चौकट छापली की लेख फक्त याच पत्त्यावर पाठवावेत, दुसरीकडून आलेलं स्वीकृतीपत्र ग्राह्य नाही. भांडण आपोआप झालं. पण तोवर कुलूप बदललेलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, किल्ल्या मोजून घ्या. ईमेल आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर. संकेतस्थळाचं डोमेन कोणाच्या नावावर विकत घेतलंय ते. ओपन जर्नल सिस्टिम्स ही नियतकालिक चालवायची संगणक प्रणाली वापरणार असाल, आणि वापराच, ती फुकट आहे, तर तिच्यात प्रशासक म्हणून कोण नोंदलंय ते. आयएसएसएनच्या, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाच्या, नोंदीत संपर्क म्हणून कोणाचं नाव आहे ते. हे सगळं 'सर पाहून घेतील' या तीन शब्दांत मावतं, आणि सरांना ते पाहू द्यायला काही हरकतही नाही. फक्त संस्थेच्या कपाटात त्याची लेखी नोंद हवी आणि शेवटचा शब्द तुमचा हवा. माझ्या लेखी जिला लेख परत पाठवता येतो ती संपादक. बाकी सगळ्या प्रूफ तपासणाऱ्या.

लेख परत पाठवण्याचा एक प्रसंग सांगते, कारण तुमच्यावरही तो येणारच. संस्थेत ज्यांचं वजन होतं अशा एका गृहस्थांचा लेख आला. विषय आपल्याकडचा नेहमीचा, शेतकरी आत्महत्या आणि मागे राहिलेल्या कुटुंबांची स्थिती. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं अहवाल दिला: शून्य टक्के. मी वाचत गेले आणि सातव्या पानावर थांबले. तिथे एका विधवा बाईचं बोलणं उतरवलेलं होतं, "सातबारा त्याइच्या नावानं, कर्ज माह्या नावानं." हे वाक्य मी आधी वाचलं होतं. नेर तालुक्यातल्या माझ्याच एका विद्यार्थिनीनं एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी कापूस वेचणीच्या दिवसांत घरोघरी फिरून मुलाखती घेतल्या होत्या. बाया दिवसभर शेतात, म्हणून ही संध्याकाळी जायची आणि कुणाच्यातरी घरी मुक्काम करून सकाळच्या गाडीनं परतायची. तिची तीन पानं इथे जशीच्या तशी उतरली होती.

मग शून्य टक्के कसे आले? लेख कृतिदेवमध्ये टाइप केलेला होता. कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर आपल्याला 'कापूस' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची गिचमिड असते. सॉफ्टवेअर ती गिचमिड जगभर शोधतं, कुठेच सापडत नाही, आणि शून्य टक्क्यांचं प्रमाणपत्र देऊन मोकळं होतं. आपल्याकडे लेख झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतात, त्यामुळे हे अजूनही चालू आहे. पहिल्याच अंकापासून नियम करा: लेख युनिकोडमध्येच हवा. नाहीतर आधी रूपांतर करा, रफार आणि जोडाक्षरं हातानं नीट करा, मगच तपासणीला टाका. हे काम कंटाळवाणं आहे. बहुतेक चोऱ्या मला त्याच कंटाळ्यात सापडल्या.

तो लेख मी परत केला. पत्रात 'चोरी' हा शब्द घातला नाही. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या प्रती जोडल्या आणि लिहिलं, की सदर मजकुराच्या मूळ कर्त्याबाबत खुलासा मिळाल्यावर लेखाचा विचार करता येईल. खुलासा आला नाही. निरोप आला. मग दुसरा निरोप आला, या वेळी माझ्या यजमानांकडे. हे विदर्भातल्याच काय, कुठल्याही गावातल्या बाईला ओळखीचं वाटेल. पुरुष संपादकाशी वाद असला तर लोक त्याच्याशी बोलतात, बाई संपादक असली तर तिच्या नवऱ्याशी. यजमान म्हणाले, "मला त्यातलं काही समजत नाही, तिलाच विचारा." त्यांच्या बत्तीस वर्षांच्या संसारातलं हे मला सर्वांत आवडतं वाक्य.

श्रेयाचा प्रश्न इथे येतो, आणि बाई संपादक असण्यानं सर्वांत जास्त फरक इथेच पडतो असं माझं मत आहे. आपल्या भागातलं सामाजिक शास्त्रांतलं बरंचसं संशोधन बायांशी बोलून होतं, आणि बायांशी बोलायला बायाच लागतात. ओसरीवर बसून प्रश्नावली भरून घेणारी एखादी संशोधक मुलगी असते. लेख छापताना आधी मार्गदर्शकाचं नाव, मग त्यांच्या मित्राचं, मग उरलंच तर तिचं. हा नुसता मानापमानाचा मामला नाही, यात नेमणूक-बढतीच्या गुणांचा हिशेब आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मानव्य आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला १० गुण धरले आहेत. लेखक दोन असले तर दोघांनाही ७० टक्के, म्हणजे सात-सात. दोनांपेक्षा जास्त झाले तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे गावोगाव हिंडलेल्या मुलीला तीन गुण, आणि एसीच्या खोलीत बसून शीर्षक सुचवणाऱ्याला सात. तिसरा मित्र घुसवला नसता तर तिलाही सात मिळाले असते. हे गणित मी कितीतरी मुलींना कागदावर मांडून दाखवलंय. त्या आधी हसतात, मग गप्प होतात.

संपादक म्हणून तुम्हाला हे एका कागदानं रोखता येतं. लेखासोबत घोषणापत्र मागा: मुलाखती कोणी घेतल्या, आकडेवारी कोणी मांडली, पहिला खर्डा कोणाचा, आणि नावांचा क्रम सर्व लेखकांना मान्य आहे का. प्रत्येकाची सही आणि प्रत्येकाचा स्वतंत्र ईमेल. स्वतंत्र ईमेल महत्त्वाचा, कारण स्वीकृतीपत्र सगळ्यांना जातं, आणि आपल्या नावानं काहीतरी छापलं जातंय हे मुलीला निदान कळतं. आमच्याकडे हा कागद सुरू झाला त्या अंकाला तीन लेख मागे घेतले गेले. कारण कुणीच कळवलं नाही.

पहिल्या नावाचं मोल पाहायचं असेल तर लांब जायला नको. १४ जानेवारी १९८९ च्या 'द लॅन्सेट'च्या अंकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्या पलीकडे खेड्यातल्या बाईच्या शरीराचं काही दुखणं असतं, हे जगाच्या आरोग्य धोरणवाल्यांना या लेखानं आकड्यांत दाखवलं. त्यावर पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं आहे. छापताना ते 'आर. ए. बंग' असं आद्याक्षरांत आलं, कारण त्या काळची रीतच तशी होती. लंडनमध्ये वाचणाऱ्याला ही बाई की बुवा ते कळायचा मार्ग नव्हता. असो. मुद्दा असा, की जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात गडचिरोली पहिल्या लेखक स्त्रीच्या नावानं पोचली, तीही ईमेल नसण्याच्या काळात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वर जाता येतं का. वरची स्थिती आधी पाहू, म्हणजे आपण फारच मागे आहोत हा गैरसमज जाईल. 'नेचर' हे विज्ञानाचं नियतकालिक १८६९ ला सुरू झालं. त्याची पहिली स्त्री मुख्य संपादक मॅग्डालेना स्किपर, २०१८ साली. म्हणजे १४९ वर्षांनी. 'सायन्स' १८८० चं, तिथे पहिली स्त्री मार्सिया मॅकनट, २०१३ साली. ब्रिटिश मेडिकल जर्नल १८४० पासूनचं, तिथे फियोना गॉडली २००५ साली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलला १८८३ पासून थांबून २००० साली कॅथरीन डीअँजेलिस मिळाल्या. या सगळ्या इमारतींत बाया नव्हत्या असं मुळीच नाही. मजकूर तपासणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या, छापण्याआधी लेख वाचून मत देणाऱ्या समीक्षकांच्या मागे लागणाऱ्या बाया होत्याच. आपली 'संपादन साहाय्य'वाली ओळ लंडन-न्यूयॉर्कलाही आहे, तिथे कागद बरा असतो एवढंच.

या बाया वर कशा गेल्या हेही पाहण्यासारखं आहे. स्किपर मूळच्या अनुवंशशास्त्राच्या. 'नेचर'च्याच गोतावळ्यातल्या दुसऱ्या नियतकालिकांत संपादन करत करत त्या मुख्य खुर्चीपर्यंत आल्या. गॉडली १९९० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आल्या, मध्ये बाहेर पडून बायोमेड सेंट्रल या मुक्त प्रकाशन संस्थेच्या उभारणीत राहिल्या, आणि परत आल्यावर पुढे मुख्य संपादक झाल्या. खालची कामं जिला येतात ती वरच्या कामाला तयार असते. आपल्याकडे नेमकं उलटं समजतात. प्रूफ चांगलं तपासते ना, मग तिला तिथेच राहू द्या!

दुसरी एक वाट आहे, ती मला जास्त आवडते: दारच आपलं काढायचं. सेज ही प्रकाशन संस्था सॅरा मिलर यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढली तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. सेज हे नाव सॅरा आणि जॉर्ज या दोन नावांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून आलं. जॉर्ज मॅक्युन यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. आपल्याकडे उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ मध्ये दिल्लीत 'काली फॉर विमेन' काढलं. कोणत्या विषयाला विषय म्हणायचं हे तिथे बायांनी ठरवलं. पासवर्ड मागायचा प्रश्नच आला नाही.

विषयावरून आठवलं. आमच्याकडे एका मुलीनं जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेवर लेख पाठवला होता. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, गिरणीतल्या आणि इतर कामगार स्त्रियांना सवलती मिळाव्यात, असे ठराव त्या बायांनी त्या काळी केले. मुलीनं लेखासाठी वर्ध्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या आठवणी गोळा केल्या होत्या. समीक्षकानं एक ओळ लिहून लेख परत केला: "हे संशोधन नसून आठवणी आहेत." समीक्षक माणूस वाईट नव्हता. त्याच्या अभ्यासात कागदाला पुरावा म्हणतात आणि तोंडी सांगण्याला गप्पा. पण ज्यांच्या घरात कागदच ठेवला गेला नाही त्यांचा इतिहास मग कशातून लिहायचा? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास अशाच मुलाखती घेत उभा केला, आणि तो १९८९ मध्ये छापून आला. आज त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. मी तो लेख मौखिक इतिहास जाणणाऱ्या दुसऱ्या समीक्षक बाईंकडे पाठवला. त्यांनी चार पानं सूचना दिल्या, मुलीनं तो दोनदा लिहून काढला, आणि तो आमच्या त्या वर्षीचा सर्वांत चांगला लेख ठरला. समीक्षक कोण निवडतो यावर एवढं अवलंबून असतं. तुमच्या नियतकालिकाची समीक्षकांची यादी मागवा आणि पाहा. माझ्या हातात आली त्या यादीत ४१ नावं होती, पैकी बाया तीन, आणि त्यातल्या एक बाई वारल्या होत्या.

बाया वाढवा म्हणताना कोणत्या बाया हेही पाहा. नागपूर-अमरावतीच्या चार ओळखीच्या मॅडम घेतल्या की संख्या भरते. पण उमरखेडची, अहेरीची, बंजारा तांड्यावरून शिकून आलेली, गोंडी बोलणाऱ्या घरातली प्राध्यापिका त्या यादीत आली नाही, तर तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या विषयांना समीक्षकच मिळणार नाही.

आता व्यवहाराचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक निवडायची जबाबदारी संस्थांवर टाकली, सोबत काही निकष सुचवले. याचा अर्थ आपल्याकडे दोन्ही प्रकारे लावला गेला. काही कॉलेजांनी समित्या नेमून खरोखर वाचायला सुरुवात केली. काहींना वाटलं, चला, आता काहीही चालेल. त्या दुसऱ्या लोकांसाठी आठवण: याआधी मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली होती. त्यांत छापलेल्या लेखांवर बढतीची आशा धरून बसलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत. आयएसएसएन दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. तो केवळ ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगळा लागतो, आणि नाव बदललं तर नवा घ्यावा लागतो. लेखकाकडून पैसे घेऊ नका. घ्यावेच लागले तर रक्कम संकेतस्थळावर जाहीर करा, पावती संस्थेची द्या, आणि स्वीकृतीचा निर्णय होईपर्यंत पैशाचा विषयही काढू नका.

आणि सेमिनारचे विशेषांक! एका दिवसाचं चर्चासत्र, दीडशे लेख, आठवड्यात अंक, प्रत्येकाकडून हजार-दीड हजार. संस्थेला हा हमखास उत्पन्नाचा मार्ग वाटतो, आणि अशा अंकावर मुख्य संपादक म्हणून बाईचं नाव टाकायला सगळे आनंदानं तयार असतात. सगळ्यांत आधी तुम्हाला 'नाही' म्हणावं लागेल ते इथे. एकदा म्हणा. दुसऱ्यांदा फारसं कुणी विचारत नाही.

तुमच्या स्वतःच्या नावाचंही पाहा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, म्हणजे आद्याक्षरं पूर्ण बदलतात. लग्नाआधीचे लेख एका बाईचे, नंतरचे दुसरीचे, असं जगाला वाटतं. माझे पहिले पाच लेख कुठल्याही शोधात माझ्या नावावर सापडत नाहीत, ती कुणीतरी दुसरीच होती. ऑर्किड हा सोळा अंकी संशोधक क्रमांक २०१२ पासून आहे आणि फुकट आहे. तुमचा आजच काढा, दोन्ही नावं त्यात टाका, आणि नियतकालिकात प्रत्येक लेखकाकडून मागा. अशा वेळी मुली विचारतात, "मॅडम, लेखावर माहेरचं नाव ठेवलं तर चालते का?" चालतं. घरी काय चालतं ते त्यांनी पाहावं.

बैठकांबद्दल एकच. संपादक मंडळाची बैठक पाच वाजता ठेवतात, कारण सरांचे तास संपलेले असतात. तुमची गाडी साडेपाचची. तुम्ही निघता, बैठक 'संपते', आणि मंडळी पानठेल्यावर जातात. अंकाचं खरं तिथे ठरतं. एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून अमरावतीला जाऊन येणं परवडतं, पण पानठेल्यावर उभं राहणं अजून आपल्याला परवडत नाही. मी बैठक दुपारी बाराला ठेवायला लागले, आणि इतिवृत्त स्वतः लिहायला लागले. पुष्कळ मैत्रिणी म्हणतात की इतिवृत्त लिहिणं हे बाईच्या गळ्यात मारलेलं कारकुनी काम आहे, ते झटकून टाका. मला ते पटत नाही. पानठेल्यावर काहीही ठरो, इतिवृत्तात नाही ते ठरलंच नाही. ते काम कुणालाही देऊ नका.

वर जायचं असेल तर तुमच्या नियतकालिकाबाहेर समीक्षक म्हणून काम मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि बाया मागत नाहीत. मोठ्या नियतकालिकाच्या संपादकाला चार ओळींचं पत्र लिहा: माझा विषय हा, माझे दोन लेख हे, या विषयावरचा लेख वाचायला द्या. मी अशी अकरा पत्रं पाठवली, दोघांचं उत्तर आलं. त्यातल्या एकांनी पुढे तीन वर्षांनी मला अतिथी संपादक म्हणून बोलावलं. इंग्रजी आपलं यथातथाच असतं, त्याला घाबरू नका. समीक्षेत लोक मुद्दा पाहतात. मुदत मात्र पाळा. दिलेल्या तारखेला अहवाल पाठवणारा समीक्षक फार दुर्मीळ असतो, संपादक त्याला विसरत नाही.

प्राचार्यांना तोंडी हो म्हणू नका, पत्र द्या. फार नको, एवढंच लिहा: "मुख्य संपादकपद मी स्वीकारत आहे. लेखाच्या स्वीकृती-अस्वीकृतीचा अंतिम निर्णय समीक्षकांच्या अहवालावरून मुख्य संपादक घेतील. नियतकालिकाचे अधिकृत ईमेल, संकेतस्थळ आणि आयएसएसएन नोंदणी यांचे अधिकार मुख्य संपादकांकडे राहतील व त्यांची नोंद कार्यालयात सीलबंद ठेवण्यात येईल. संपादकीय कामासाठी आठवड्याचे दोन तास कार्यभारात धरावेत. पदाचा कालावधी तीन वर्षांचा असावा." कार्यभाराचं वाक्य ते बहुधा खोडतील. खोडू द्या, त्यांनाही काहीतरी खोडल्याचं समाधान लागतं. अंतिम निर्णयाचं किंवा अधिकारांचं वाक्य खोडलं तर मात्र पद घेऊ नका.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक त्यांना, दुसरीवर कार्यालयातून आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. बाबू म्हणतील, "घरचंच त काम हाये मॅडम, शिक्का कायले पाह्यजे?" शिक्का घ्या.